मोजायचं काय : श्रद्धा, सवय की गर्दी?

धर्माच्या समाजशास्त्राविषयी सोलापूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं, उत्तरांसह.

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम. ए. करते. लघुप्रबंधाचा विषय ‘आधुनिकतेमुळे सोलापूरच्या तरुणांमधील धार्मिकता कमी झाली आहे काय?’ असा घेतला. चाळीस प्रश्नांचा गूगल फॉर्म कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, शंभर उत्तरं आली. मार्गदर्शक म्हणतात, यातून काहीच सिद्ध होत नाही. नेमकं चुकलं कुठे?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : मार्गदर्शकांचं बरोबर आहे. पण फॉर्म टाकून देऊ नका, आधी विषय कापा. ‘कमी झाली’ म्हणायला दोन काळांतली मोजणी हवी आणि तुमच्याकडे एकाच काळातली आहे. विशीतली मुलं साठीतल्या आजोबांपेक्षा कमी पूजा करतात असं दिसलं, तरी त्याचे दोन अर्थ निघतात. एक, पिढी बदलली. दोन, हीच मुलं साठीला पोचली की तेवढीच पूजा करतील. एकदाच केलेल्या पाहणीत हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत, मग नमुना शंभराचा असो वा दहा हजारांचा. म्हणून विषय ‘सोलापूर शहरातील १८ ते २५ वयोगटाचं धार्मिक आचरण : दोन वस्त्यांची तुलना’ एवढाच ठेवा. ‘आधुनिकता’ हा शब्द शीर्षकातून काढा आणि त्या जागी मोजता येतील अशा गोष्टी घ्या : शिक्षणाची वर्षं, कामाचं स्वरूप, घरात एकत्र राहणाऱ्या पिढ्या, शिक्षण-नोकरीसाठी पुण्याला जाऊन आल्याचा काळ.

दुसरी अडचण ‘धार्मिकता’ या कल्पनेतच आहे. ती एका आकड्यात मावत नाही. चार्ल्स ग्लॉक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९६२मध्ये तिचे पाच पैलू पाडले : श्रद्धा, आचरण, अनुभव, धर्माविषयीचं ज्ञान आणि रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम. एखादा मुलगा देव मानतो पण देवळात जात नाही. दुसरा रोज जातो पण विचारलं तर ‘आईसाठी जातो’ म्हणतो. दोघांची बेरीज करून सरासरी काढली की हातात काहीच राहत नाही. तुम्हाला वेळ कमी आहे, म्हणून फक्त आचरण घ्या. श्रद्धेवरचा प्रश्न आपल्याकडे तसाही फारसा उपयोगी पडत नाही. प्यू या अमेरिकी संशोधन केंद्रानं २०१९-२०मध्ये भारतभर १७ भाषांतून सुमारे ३०,००० प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, त्यात ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. ज्या प्रश्नाला जवळपास सगळेच ‘हो’ म्हणतात, त्यानं माणसामाणसांतला फरक दिसत नाही. रोज प्रार्थना करता का, याला त्याच पाहणीत साधारण दहांतल्या सहा जणांनी होकार दिला. फरक इथं दिसतो.

आता प्रश्नांची भाषा. ‘तुम्ही धार्मिक आहात का?’ किंवा ‘देवळात नियमित जाता का?’ असे प्रश्न काढून टाका. ‘नियमित’ म्हणजे कोणाला रोज, कोणाला दर सोमवारी, कोणाला वर्षातून एकदा अक्कलकोट. शिवाय माणूस आपण जसं वागायला हवं तसं उत्तर देतो. अमेरिकेत जनमत चाचण्यांत सुमारे ४० टक्के लोक दर आठवड्याला चर्चला जातो म्हणत. हॅडवे, मार्लर आणि चेव्हस या तिघांनी प्रत्यक्ष मोजणी केली (त्यासाठी ओहायोतल्या एका जिल्ह्यात चर्चच्या आवारातल्या गाड्याही मोजल्या) तेव्हा हजेरी त्याच्या जवळपास निम्मीच निघाली. त्यांचा शोधनिबंध १९९३चा आहे. म्हणून सवय विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा : ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत पूजा, नमाज, प्रार्थना, वंदना यांपैकी काही केलं का?’ आणि ‘गेल्या सात दिवसांत कुठल्या कुठल्या धर्मस्थळी गेलात?’ दुसऱ्या प्रश्नात एकापेक्षा जास्त उत्तरांना जागा ठेवा. पाश्चात्त्य प्रश्नावल्या एक माणूस एका चर्चचा सभासद असं गृहीत धरून चालतात. इथं एकच पद्मशाली (तेलुगूभाषक विणकर) कुटुंब मार्कंडेयाच्या रथोत्सवाला असतं, ग्रामदैवत सिद्धेश्वराला जातं, गुरुवारी अक्कलकोट गाठतं आणि नवस असला तर दर्ग्यातही चादर चढवतं. फॉर्ममध्ये एकच पर्याय ठेवला तर हे सगळं दिसेनासं होतं. ‘गड्ड्याला गेला होतात का?’ हा प्रश्नही असाच फसवा आहे. गड्डा ही सिद्धेश्वराची संक्रांतीतली यात्रा, पण ती काहींच्या लेखी नंदीध्वजांची म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक, काहींच्या लेखी नुसता पाळणा आणि खरेदी. अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा विधी), होमविधी, नंदीध्वज, पाळणे-दुकानं असे चार वेगळे प्रश्न करा.

नमुन्याचं गणित सोपं आहे, पाळणं अवघड. कॉलेजच्या ग्रुपवर आलेली उत्तरं ही ग्रुपवर असलेल्या, मोकळा वेळ असलेल्या आणि विषयात रस असलेल्या मुलांची. यंत्रमागावर किंवा गारमेंटच्या कारखान्यात बसणारा त्याच वयाचा मुलगा त्यात नाहीच. मतदार याद्या भागवार मिळतात आणि त्यात वय असतं. दोन वस्त्यांचे यादीभाग घ्या, १८ ते २५ वयाची नावं वेगळी काढा. समजा १२० नावं निघाली आणि तुम्हाला ४० हवी आहेत, तर दर तिसरं नाव घ्या. सुरुवात एक, दोन की तीन ते चिठ्ठी टाकून ठरवा. घरी भेटलं नाही तर शेजारच्याला धरू नका. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा आणि तरीही भेट झाली नाही तर ‘भेट नाही’ अशी नोंद करा. १८-१९ वर्षांच्या अनेकांनी नाव नोंदवलेलंच नसतं, ही त्रुटी प्रबंधात लिहून टाका. अशा रीतीनं निवडलेल्या १०० जणांच्या टक्केवारीत साधारण दहा टक्के इकडे-तिकडे चूक धरावी लागते, ४०० जणांत पाच टक्के. तेव्हा शंभरांतून ‘५२ विरुद्ध ४८’ असा फरक निघाला तर त्यावर प्रकरण लिहू नका.

आणखी दोन गोष्टी, ज्यांत सोलापुरातले प्रबंध हमखास अडकतात. एक, भाषा. प्रश्नावली फक्त मराठीत ठेवून चालणार नाही. कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही हवी. भाषांतर एकानं करावं आणि ते न पाहिलेल्या दुसऱ्यानं पुन्हा मराठीत आणावं. अर्थ जिथे घसरला असेल तो प्रश्न बदलायचा. दुसरी, तारीख. श्रावणात, रमजानात किंवा संक्रांतीच्या आठवड्यात विचारलं तर आचरणाचे आकडे फुगतात. निम्म्या मुलाखती असे सणवार नसलेल्या महिन्यात आणि निम्म्या श्रावणात घ्या. नाहीच जमलं तर प्रत्येक अर्जावर तारीख तरी टाका. खऱ्या कामाआधी दहा-बारा जणांवर चाचणी घ्या. पंधरा मिनिटांत संपत नसेल तर चाळीसचे पंचवीस प्रश्न करा.

प्रश्न : समाजशास्त्रज्ञांनी धर्म हळूहळू लोप पावेल असं भाकीत केलं होतं ना? इथं तर अक्कलकोटला पाय ठेवायला जागा नाही. मग भाकीत करणारे चुकले असंच म्हणायचं ना?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सात रस्ता

उत्तर : काही जण चुकले आणि त्यांनी ते कबूलही केलं. पीटर बर्जर हे त्यातलं मोठं नाव. १९६०च्या दशकात ते या मताचे होते. १९९९मध्ये त्यांनी स्वतः संपादित केलेल्या पुस्तकात, आजचं जग पूर्वीइतकंच, काही ठिकाणी तर पूर्वीपेक्षा जास्त धार्मिक आहे आणि आपलं गृहीतक चुकलं होतं, असं लिहिलं. पण ब्रायन विल्सन यांनी १९६६मध्ये मांडलेला मुद्दा जरा वेगळा होता : धार्मिक विचार, आचार आणि संस्था यांचं सामाजिक वजन घटतं. वजन घटलं म्हणजे गर्दी घटली असं नाही.

होसे कासानोव्हा यांनी १९९४मध्ये ही गुंतवळ तीन धाग्यांत सोडवली. राज्य, न्याय, अर्थव्यवहार हे धर्मसत्तेपासून सुटे होणं हा एक. श्रद्धा आणि आचरण कमी होणं हा दुसरा. धर्म घरापुरता खासगी होणं हा तिसरा. हे तिन्ही एकत्रच घडतात असं नाही. आपल्या जिल्ह्यातलं पंढरपूर पाहा. मंदिरावरचे बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३चा. त्यावरचे दावे चार दशकं चालले आणि जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. विठ्ठलाची पूजा कोणी करायची हे कायदेमंडळ, न्यायालय आणि सरकारनियुक्त समिती ठरवते. कासानोव्हांच्या पहिल्या अर्थानं हे ठळक धर्मनिरपेक्षीकरण आहे आणि ते आषाढीची वारी भरात असताना झालं. दुसरा आणि तिसरा अर्थ इथं लागू पडत नाही. एकाच गावात एक धागा पुढे, दोन जागच्या जागी.

राहिली अक्कलकोटची गर्दी. ती वाढली म्हणजे भक्ती वाढली, असं लगेच म्हणता येत नाही. लोकसंख्या वाढली, चौपदरी रस्ते झाले, फेब्रुवारी २०२३पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेणारा नोकरदार वर्ग तयार झाला. अक्कलकोट, पंढरपूर आणि तुळजापूर एका फेरीत करता येतात. पूर्वी पाच वर्षांतून एकदा येणारा माणूस आता वर्षातून दोनदा येतो; माणूस तोच, फेऱ्या दहापट. हे तपासायचं तर ‘किती आले’ याच्या जोडीला ‘गेल्या बारा महिन्यांतली ही कितवी खेप’ हे विचारावं लागतं.

जुना-नवा काळ पडताळायला एक साधन हाताशी आहे आणि त्याकडे फारसं कोणी वळत नाही : न्यासांचे हिशेब. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला धर्मादाय कार्यालयात दरवर्षी ताळेबंद आणि जमाखर्च द्यावा लागतो. रीतसर अर्ज आणि शुल्क भरून तो पाहता येतो. देणगीचे वीस वर्षांचे आकडे घेतलेत तर महागाई वजा करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक देवस्थान भरभराटीला आल्यासारखं दिसेल.

प्रश्न : एवढा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ देव आहे की नाही, हे का सांगत नाहीत?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : कारण त्यांच्या साधनांनी ते कळत नाही. पाहणी आणि मुलाखतीतून एवढंच कळतं की लोक काय मानतात, काय करतात, कोणासोबत करतात आणि त्यानं त्यांचं एकमेकांशी नातं कसं बदलतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्कहाइम स्वतः नास्तिक होते. तरीही १९१२च्या ग्रंथात त्यांनी, कोणताही धर्म खोटा नसतो, प्रत्येक धर्म माणसाच्या जगण्यातल्या खऱ्या गरजांना उत्तर देतो, अशी भूमिका घेतली. श्रद्धाळू आणि नास्तिक अशा दोन अभ्यासकांनी एकाच यात्रेच्या नोंदी घेतल्या तर त्या जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत तर दोघांपैकी एकानं डोळे मिटले होते.

प्रश्न : गड्डा यात्रेला ‘पाच लाख भाविक’, ‘दहा लाख भाविक’ असे आकडे ऐकू येतात. हे मोजतं कोण? आमच्या मंडळाला खरा आकडा काढायचा आहे.
— मंडळाचे एक कार्यकर्ते, विजापूर वेस

उत्तर : बहुतेक वेळा कोणीच मोजत नाही, गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर पडते. उभ्या गर्दीसाठी जुनी आणि भरवशाची रीत हर्बर्ट जेकब्स यांची. हे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवत आणि १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या सभांची गर्दी त्यांनी चौकोन पाडून मोजली. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, खांद्याला खांदा लागला की अडीच. ४० फूट रुंद रस्ता हजार फूट लांब भरला असेल तर जागा ४०,००० चौरस फूट. दाट गर्दी धरली तर सुमारे ८,९०० माणसं, अगदी खचाखच धरली तरी १६,०००. हाच हिशेब उलटा करा : एकाच वेळी पाच लाख माणसं दाटीनं उभी राहायला साडेबावीस लाख चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ५२ एकर लागतात. होम मैदान, अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याचा परिसर आणि भोवतालचे रस्ते नकाशावर मोजा, देऊळ, तलाव, दुकानं आणि पाळण्यांची जागा वजा करा. कुठला दावा शक्य आहे हे तिथंच कळेल.

पण यात्रेत माणसं येत-जात असतात, त्यामुळे दिवसाच्या आकड्यासाठी वाट मोजावी लागते. प्रत्येक प्रवेशमार्गावर दोन जण, हातात बटण दाबून मोजायचं छोटं यंत्र, दर दहा मिनिटांतलं एक मिनिट फक्त आत जाणारे मोजायचे. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजायचं. फरक पाच टक्क्यांहून जास्त आला तर जोडी बदला. दिवसाच्या बेरजेला दहानं गुणलं की प्रवेश मिळाले, माणसं नव्हेत. आत जाणाऱ्या दर पन्नासाव्या माणसाला विचारा, ‘आज याआधी आत येऊन गेलात का?’ शंभरांतले सत्तर ‘नाही’ म्हणाले तर प्रवेशांच्या सत्तर टक्के ही त्या दिवशीची वेगवेगळी माणसं. तीन दिवसांची बेरीज करताना हाच प्रश्न ‘काल किंवा परवा आला होतात का?’ असा पुन्हा लागतो. सर्वांत मोठी चूक इथंच होते. दुसरी नेहमीची चूक ड्रोनच्या तिरप्या छायाचित्राची. त्यात मागची गर्दी असते त्याहून दाट दिसते. ड्रोन सरळ डोक्यावरून हवा आणि त्याला पोलिसांची परवानगी लागते.

प्रश्न : आमच्या गड्डा यात्रेत जातपात उरत नाही, सगळे पांढऱ्या बाराबंदीत एकसारखे. अभ्यासक मात्र प्रत्येक ठिकाणी जात का शोधतात?
— एक वाचक, उत्तर कसबा

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच यात्रेत असतात, म्हणून. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी यात्रेतल्या या बंधुभावाला, रोजचे दर्जे थोड्या काळासाठी गळून पडण्याला, सिद्धान्ताचं रूप दिलं. १९७४च्या पुस्तकात त्यांनी पंढरीच्या वारीचा दाखला घेतला तो इरावती कर्व्यांच्या लेखाच्या आधारे. कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या होत्या आणि त्यांचा इंग्रजी लेख १९६२मध्ये आला. आनंद, अभंग, एकत्र चालणं हे सारं त्यांनी लिहिलं. पण एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला वेगळे बसतात आणि त्याची आपल्याला खंत वाटली, हेही लिहिलं. गाताना एक, जेवताना दोन. नुसत्या मुलाखती घेतल्या असत्या तर ‘आम्ही सगळे एक’ एवढंच उत्तर मिळालं असतं.

म्हणून अभ्यासक विचारण्याआधी पाहतो. गड्ड्यापुरतं बोलायचं तर सात नंदीध्वजांचा क्रम काय, कोणत्या ध्वजाचा मान कोणाकडे, तो वंशानं आला की निवडीनं, काठी पेलायचा सराव कोण कोणासोबत करतं, अक्षता सोहळ्यात कट्ट्यावर कोण आणि खाली कोण, शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांच्या वाटेवर कुठल्या घरासमोर काठी थांबते, महाप्रसाद कोण रांधतं, वाढतं आणि भांडी कोण घासतं, बायका कुठे उभ्या असतात. मानात वेगवेगळ्या समाजांचा वाटा असणं ही सिद्धेश्वर यात्रेची खरी ताकद आहे, असं आमचंही मत आहे. मात्र वाटा असणं आणि तो सारखा असणं यांतलं अंतर मोजल्याशिवाय कळत नाही.

नोंदींचं एक पथ्य : वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे जे दिसलं तेच, वेळेसह. उजवीकडे तुमचा अर्थ. ‘तरुणांनी भक्तिभावानं काठी उचलली’ हे डावीकडे चालत नाही. ‘संध्याकाळी ५.४०, सात जण, दोघांनी आधी मातीला हात लावला’ हे चालतं. पक्की नोंद त्याच रात्री लिहा. झोपून उठल्यावर क्रम हरवतो.

प्रश्न : जनगणना जवळ आली आहे. आमच्या घरात आजोबांच्या दाखल्यावर हिंदू, आम्ही बौद्ध. प्रगणक काय लिहील? आणि या आकड्यांवर अभ्यासकांनी किती विसंबावं?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : तुम्ही सांगाल ते. प्रगणकानं दाखला मागायचा नसतो, नावावरून किंवा वस्तीवरून धर्म ठरवायचा नसतो. प्रश्न प्रत्येक माणसाचा स्वतंत्र असतो. कुटुंबप्रमुखाचा धर्म सगळ्यांपुढे ओढून चालत नाही, पण घाईत नेमकं हेच होतं. तेव्हा नोंद होताना प्रत्येकाचं उत्तर वेगळं सांगा. धर्माचा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात, लोकसंख्येच्या गणनेत येतो. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. बौद्ध सांगितलं तरी अनुसूचित जातीची नोंद होते, कारण १९९०च्या दुरुस्तीनं बौद्धांनाही तो दर्जा लागू आहे. तुमची वैयक्तिक माहिती १९४८च्या जनगणना अधिनियमानुसार गोपनीय राहते.

आकड्यांचा भरवसा त्यांच्या कामापुरता. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ला बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ला सुमारे २७ लाख ९० हजार, २०११ला ६५ लाख ३१ हजार. मधे १४ ऑक्टोबर १९५६चं नागपूरचं धर्मांतर आहे. एवढी मोठी सामूहिक घटना जनगणनेत लख्ख उमटते. पण घरात वंदना होते का, पौर्णिमा पाळली जाते का, सासरचा खंडोबा देव्हाऱ्यात आहे का, हे त्यात येत नाही. जनगणना ओळख मोजते, आचरण मोजत नाही. लिंगायत समाजाचं उदाहरण आपल्याकडे रोजचं आहे : मार्च २०१८मध्ये कर्नाटक सरकारनं स्वतंत्र धर्माची शिफारस केली, पण २०११च्या तक्त्यांत तो वेगळा धर्म म्हणून आलेला नाही. त्यावरून सोलापुरातली लिंगायत संख्या काढू पाहणाऱ्याचे कष्ट वाया जातात.

प्रश्न : विडी कामगार स्त्रियांच्या व्रतवैकल्यांवर काम करते आहे. मुलाखतीत सगळ्या एकच ठरावीक उत्तर देतात. काय बदलू?
— एक संशोधक, अशोक चौक

उत्तर : बहुधा मुलाखत घरच्यांसमोर होते आहे. सासू किंवा नवरा शेजारी असला की उत्तर त्यांच्यासाठी दिलं जातं. चार-पाच जणी एकत्र विड्या वळत बसतात तिथं आधी नुसतं बसा, एकटीशी बोलणं नंतर. माल द्यायला कारखान्यात जायच्या वेळेआधी मुलाखत लावू नका; मजुरी विड्यांच्या संख्येवर असते, तुमचा अर्धा तास तिच्या कमाईतून जातो. हात सुपात गुंतलेले असतात, म्हणून पर्यायांची कार्डं देऊन ‘यातलं निवडा’ म्हणू नका. तोंडी आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. तेलुगू घरात दुभाषी म्हणून तिच्याच शाळकरी मुलीला बसवू नका. आई तिच्यासमोर नवसाचं खरं कारण सांगणार नाही.

‘व्रत का करता?’ याला ‘घरच्यांच्या भल्यासाठी’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी शेवटचा उपवास धरा. कधी केला, कोणी सांगितला, त्या दिवशी विड्या किती झाल्या, फराळाला किती खर्च आला, कधी मोडला का, मोडल्यावर काय केलं, मुलीला शिकवला का. खर्च आणि मोडलेलं व्रत या दोन प्रश्नांवर बोलणं मोकळं होतं. जात पहिल्या पानावर विचारू नका, शेवटी ठेवा. संमती तिच्या भाषेत तोंडी वाचून दाखवून घ्या. कागदावर अंगठा मागितला की ती योजनेचा अर्ज समजते आणि पुढची सगळी उत्तरं त्या योजनेला धरून येतात.